पिवळ्या पाटीवरचा 'रोड'

मुंबईतून कोकणात जायची सुरुवात ज्या इमारतीपासून होते, तिला माणूस काय म्हणतो यावरून त्याच्या वयाचा अंदाज बांधता येतो. 'बोरीबंदर' म्हणणारे आता मोजकेच उरले. 'व्हीटी' म्हणणारे साठीच्या पुढच्यांत अजून भरपूर सापडतात. 'सीएसटी' मधल्या पिढीची, आणि लोकलमधल्या उद्घोषणा ऐकत वाढलेली पोरं सरळ 'सीएसएमटी' म्हणून मोकळी होतात. १६ एप्रिल १८५३ रोजी चौदा डबे आणि चारेकशे पाहुणे घेऊन ठाण्याकडे निघालेली पहिली गाडी बोरीबंदरातून सुटली, तेव्हा ही इमारत नव्हतीच. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्याप्रमाणे तिचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली, म्हणून तिला व्हिक्टोरियाचं नाव मिळालं. १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आलं. राणी गेली, छत्रपती आले. 'टर्मिनस' मात्र जागचं हललं नाही.

आणि ते हलण्याचं कारणही नाही. इथे रूळ खरोखरच संपतात. फलाटाच्या टोकाला बफर, त्यापुढे माणसांची वर्दळ. आलेल्या लोकलला पुढे वाट नसल्यामुळे तिच्या शेपटीचंच तोंड होतं. लांब पल्ल्याच्या गाडीला तर टर्मिनसात बरंच काही लागतं: डबे धुणं, पाणी भरणं, खालून तपासणी, आणि हे सगळं होईपर्यंत उभं राहायला जागा. रिकामी गाडी फलाटाला 'लागते' ती फक्त टर्मिनसातच. वाटेतल्या स्टेशनांवर ती नुसती 'येते', आणि बहुतेकदा भरलेलीच येते. या फरकावर सावंतवाडीत वर्षानुवर्षं आंदोलनं चालू आहेत, पण ते पुढे.

सीएसएमटीहून स्लो लोकल निघाली की पाट्या वाचायला उसंत मिळते. मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड. पश्चिम रेल्वेवर चर्नी रोड, ग्रँट रोड. मुंबईच्या या 'रोड'मध्ये लपवण्यासारखं काही नाही. स्टेशनाजवळ त्या नावाचा रस्ता होता, त्याचंच नाव स्टेशनाला पडलं. सँडहर्स्ट आणि ग्रँट हे मुंबईचे गव्हर्नर, त्यांच्या नावाचे रस्ते झाले आणि रस्त्यांची स्टेशनं झाली. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने मुंबईतल्या सात स्टेशनांची नावं बदलण्याचा ठराव केला. त्यात करी रोडला लालबाग, सँडहर्स्ट रोडला डोंगरी आणि चर्नी रोडला गिरगाव अशी नावं सुचवली आहेत. तिन्ही नावं त्या भागातले लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरतातच. लालबागच्या राजाला जाणारा भाविक करी रोडला उतरतो, पण 'करी रोडला चाललो' असं तो कधी म्हणत नाही.

मुंबईबाहेर पडलं की याच 'रोड'चा अर्थ बदलतो, आणि हे ज्याला ठाऊक नसतं तो फसतो. रेल्वेच्या भाषेत गावाच्या नावापुढे 'रोड' लागला की समजायचं, गाव इथे नाही. इथून गावाकडे रस्ता जातो. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांनी सरळ आणि स्वस्त पडेल असा मार्ग आखला, गावासाठी वाकडी वाट केली नाही. गाव काही मैलांवर राहिलं आणि पाटीवर 'रोड' आलं. याचा सर्वांत ठसठशीत नमुना म्हणजे नाशिक रोड. मूळ नाशिक तिथून आठ-नऊ किलोमीटर लांब. पण १९२०च्या दशकात स्टेशनाजवळ सरकारी छापखाना आला, नोटा आणि टपाल तिकिटं छापली जाऊ लागली, भोवती वस्ती वाढली आणि 'नाशिकरोड' हे एक वेगळं गावच झालं. तिथला माणूस 'नाशिकला जाऊन येतो' म्हणतो तेव्हा ते त्याला खटकत नाही. उलट टोकाचं उदाहरण कुर्डुवाडीचं. ते स्टेशन पूर्वी 'बार्शी रोड' होतं. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉपने तिथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची लाइट रेल्वे नेली. गाडी खुद्द बार्शीत पोहोचली आणि पुढे पाटीवरचं 'बार्शी रोड' हे नावही गेलं.

परत लोकलमध्ये यायचं तर, दादरला प्रवाशांची गाठ शब्दांशी नाही, आकड्यांशी पडते. पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे, दोघांच्या फलाटांना वर्षानुवर्षं एकपासूनच क्रमांक होते. 'एक नंबरला भेट' म्हटलं की 'सेंट्रलच्या की वेस्टर्नच्या?' हा प्रश्न ठरलेला. ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे फलाट आठपासून चौदापर्यंत मोजले जातात. त्या वेळी जुन्या प्रवाशांनी भरपूर कुरकूर केली. ती रास्तच होती, कारण दादरच्या गर्दीत माणूस डोळ्यांनी नाही, पायांनी वाट काढतो आणि पायांना जुनेच नंबर पाठ होते.

दिव्याला 'जंक्शन' भेटतं. तीन किंवा अधिक दिशांच्या लाइनी जिथे मिळतात ते जंक्शन. दिव्यातून एक वाट ठाण्याकडे, दुसरी कल्याणकडे, तिसरी भिवंडीवरून वसईकडे आणि चौथी पनवेलकडे जाते. मनमाड, दौंड, भुसावळ, मिरज ही गावं तर जंक्शनने घडवलेली. लोको शेड, रेल्वे कॉलनी, रेल्वे शाळा, रात्रभर चालणारी कॅन्टीन, आणि 'गाडी बदलायला उतरलो' म्हणून अर्ध्या महाराष्ट्राने कधीतरी तिथे प्यायलेला चहा. दिव्याला तसं ऐश्वर्य लाभलं नाही. त्याच्या वाट्याला आली ती लोकलची गर्दी. कोकणच्या दृष्टीने दिव्याचं महत्त्व एकाच गोष्टीत आहे: सावंतवाडीला जाणारी गाडी इथून सुटते. कागदोपत्री ती आता 'एक्सप्रेस' आहे. तिच्यातल्या प्रवाशांसाठी ती आजही 'दिवा पॅसेंजर'च. तिचा वेग पाहता प्रवाशांचा शब्द खरा धरावा लागतो. कोकणच्या पाट्या वाचायच्या असतील तर हीच गाडी पकडावी. वंदे भारतच्या काचेतून पाटी वाचून होण्याआधीच मागे पडते.

पनवेलपर्यंतच्या लाइनीवर नावडे रोड, कळंबोली अशी नावं मागे पडतात. पनवेलनंतर भाताची खाचरं आणि कारखान्यांच्या चिमण्या आळीपाळीने दिसू लागतात. आणि मग एक पाटी लक्ष वेधते: रसायनी. हे जुन्या गावाचं नाव नाही. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा सरकारी कारखाना १९६०च्या दशकात इथे आला, त्याबरोबर वसाहत आली, आणि कारखान्यात जे बनतं त्यावरून जागेचं नाव पडलं. कोकणच्या वाटेवर देवाचं, झाडाचं, पाण्याचं नाव मिरवणारी शेकडो गावं आहेत. रसायनावरून नाव पडलेलं हे त्यांत उठून दिसतं. पुढचं आपटा हिंदी सिनेमाच्या प्रेक्षकांच्या ओळखीचं आहे. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा शेवटचा, गाडीत हात धरून चढण्याचा प्रसंग इथेच चित्रित झाला. त्यानंतरच्या हमरापूरला सिनेमावाले येत नाहीत. पण पेण तालुक्यातली हमरापूर-जोहे ही गावं गणपतीच्या मूर्तींवर जगतात. वैशाखात घरोघरी पांढऱ्या, न रंगवलेल्या मूर्तींच्या रांगा लागलेल्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा त्याच अवस्थेत बाहेरगावी जातात. रंग चढवायचं काम दुसऱ्या गावचे कारागीर करतात.

रोह्याला मध्य रेल्वे संपते. नवख्या प्रवाशाला इथे काहीच बदललेलं जाणवत नाही. रूळ तेच, डबे तेच. पण इथून पुढे कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंतचे सुमारे ७४० किलोमीटर कोकण रेल्वे कॉर्पोरेशनचे आहेत. ही कंपनी १९ जुलै १९९० रोजी स्थापन झाली. केंद्र सरकारबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ यांनी तिच्यात भांडवल घातलं. कोकणात रेल्वे व्हावी म्हणून अ. ब. वालावलकर, बॅरिस्टर नाथ पै यांच्यासारख्यांनी अनेक वर्षं आवाज उठवला होता. योग असा जुळून आला की १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि राजापूरचे खासदार मधु दंडवते अर्थमंत्री. ई. श्रीधरन यांच्या हाती काम गेलं आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग सुरू झाला. बांधकामाचा भार प्रवाशाने आजही उचलला आहे: या मार्गावरचं भाडं प्रत्यक्षापेक्षा चाळीस टक्के वाढवलेल्या अंतरावर आकारलं जातं. म्हणजे शंभर किलोमीटर जायचं आणि एकशे चाळीसचे पैसे मोजायचे. २०२५ मध्ये महाराष्ट्राने कॉर्पोरेशनच्या भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाला संमती दिली, तेव्हा एक अट घातली की 'कोकण रेल्वे' हे नाव कायम राहिलं पाहिजे.

कोलाडला 'रो-रो' दिसते. भरलेले ट्रक मालगाडीच्या उघड्या, सपाट वाघिणींवर चढवून, ड्रायव्हर-क्लीनरसकट गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत नेण्याची ही सोय १९९९ मध्ये सुरू झाली. घाटवळणांच्या महामार्गावर डिझेल आणि कंबर दोन्ही झिजवण्यापेक्षा ट्रकवाल्यांना ती परवडते. माणगावच्या पुढे 'गोरेगाव रोड' येतं, तिथे डब्यात एखादा नवखा दचकून उठतोच. हे गोरेगाव रायगड जिल्ह्यातलं. मुंबईच्या गोरेगावशी त्याचा संबंध नाही. इथे 'रोड' रस्ता दाखवतो आणि शिवाय नावाची सरमिसळ टाळतो, एका शब्दात दोन कामं.

त्यानंतर वीर. गाव छोटं, पण रायगड किल्ल्याला आणि महाडला जाणारे इथे उतरतात. महाड हे एवढं मोठं गाव, शिवकाळापासून नावाजलेलं. १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला तो इथेच. पण रेल्वेच्या वेळापत्रकात 'महाड' नावाचं स्टेशनच नाही. महाड रोडसुद्धा नाही.

रोह्यापासून वीरपर्यंत २०२१ मध्ये दुसरी लाइन पडली. वीरच्या पुढे, मधला थोडाथोडका भाग वगळला तर, एकेरी लाइन सुरू होते, आणि तिच्याबरोबर कोकणातल्या प्रवासाचा सर्वांत महत्त्वाचा शब्द: क्रॉसिंग. रेल्वेच्या पुस्तकात त्याची व्याख्या काहीही असो, डब्यात त्याचे वाक्प्रचार ठरलेले आहेत. गाडी 'क्रॉसिंगला लागते', 'क्रॉसिंगला टाकतात', 'दोन क्रॉसिंगा खाल्ल्या' म्हणजे तासभर उशीर. समोरून गाडी येत असेल तर एकीने स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, लूपवर, शिरायचं आणि दुसरीला मधल्या लाइनीवरून जाऊ द्यायचं. कोणी थांबायचं ते गाडीच्या दर्जावर ठरतं. दिवा पॅसेंजर जवळजवळ सगळ्यांसाठी थांबते: वंदे भारत, राजधानी, जनशताब्दी, आणि कधी मालगाडीसाठीसुद्धा.

हा थांबा जवळून पाहण्यासारखा असतो. गाडी आडवळणाच्या स्टेशनात लूपवर येऊन उभी राहते. पहिली दोन मिनिटं कुणी हलत नाही. मग दारातला माणूस पुढच्या सिग्नलकडे मान काढून बघतो, 'लालच आहे' म्हणून जाहीर करतो आणि खाली उतरतो. त्याच्या मागोमाग बाटल्या घेऊन चौघे नळाकडे जातात. काही ठिकाणी फलाट इतका ठेंगणा की म्हाताऱ्या बायांना खाली उतरवायला दोघांचे हात लागतात, म्हणून त्या आपल्या आतच बसून खिडकीतून 'गो, पाणी बघून भर हां' असं ओरडतात. 'कुठची येतेय?' यावर तीन मतं पडतात. मग रूळ हलकेच वाजू लागतात. स्टेशनातला माणूस हिरवा झेंडा धरून उभा राहतो, समोरची गाडी धडाडत निघून जाते, धूळ आणि पाचोळा उडतो. आणि तिचा शेवटचा डबा दिसेनासा होण्याआधीच पुढे कुठेतरी सांधा सरकल्याचा खट्‌ आवाज होतो. त्या आवाजाबरोबर सगळे पळत डब्यात. इंजिनाची शिट्टी त्यानंतर वाजते. नेहमीचे प्रवासी तिची वाट बघत नाहीत.

क्रॉसिंग कमी वेळ खावी म्हणून अलीकडच्या वर्षांत लाइनीवर नवी स्टेशनं घातली गेली. वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे ही त्यांतली नावं. गावकऱ्यांना वाटलं आपल्याला स्टेशन मिळालं. रेल्वेला खरं तर दोन गाड्यांना एकमेकींशेजारून जायला जागा हवी होती. तिथे स्टेशन झालं म्हणून गाडी प्रवाशांसाठी थांबेलच असं नाही. 'थांबा मिळणं' ही त्यापुढची, निराळी लढाई असते. कोकणातल्या छोट्या वर्तमानपत्रांत 'अमुक गाडीला तमुक ठिकाणी थांबा' ही बातमी पहिल्या पानावर येते, ती उगाच नाही.

खेड, चिपळूण मागे पडतात आणि पाट्यांवर 'रोड' दाटीने येऊ लागतात. आरवली रोड, संगमेश्वर रोड, राजापूर रोड, वैभववाडी रोड, नांदगाव रोड, सावंतवाडी रोड. विसाव्या शतकाच्या शेवटी, नव्या तंत्राने बांधलेल्या रेल्वेला एकोणिसाव्या शतकातल्यासारखी गावं का चुकवावी लागली? उत्तर कोकणच्या जमिनीत आहे. इथली जुनी पेठेची गावं खाडीच्या टोकाला वसली. भरतीबरोबर गलबत जिथवर आत येई तिथे बंदर, आणि बंदरापासून घाटावर जाणारी बैलांची वाट. राजापूरला इंग्रजांनी वखार घातली ती याच सोयीसाठी. खारेपाटण, संगमेश्वर, चिपळूण यांचंही मूळ पाण्याच्या कडेचंच. ही गावं खोलगटात. उलट कोकण रेल्वेची आखणी ताशी १६० किलोमीटर वेग डोळ्यांपुढे ठेवून झाली. चढ दीडशेला एक यापेक्षा तीव्र नको आणि वळण मोठ्या त्रिज्येचं हवं. अशी लाइन नदीकाठच्या पेठेत उतरून पुन्हा डोंगर चढू शकत नाही. ती डोंगराच्या पोटातून आणि दऱ्यांच्या वरून जाते. म्हणून नव्वदच्या वर बोगदे आणि लहानमोठे दोनेक हजार पूल. अशा गावांपुढचा 'रोड' हे बंदराचं गाव आणि रेल्वे यांच्यातल्या उंचीच्या फरकाचं माप आहे.

गंमत अशी की जिथे खरोखर 'रोड' हवा तिथे तो नाही. रत्नागिरी शहर स्टेशनापासून सहा-सात किलोमीटरवर, पण पाटीवर नुसतं 'रत्नागिरी'. 'सिंधुदुर्ग' नावाच्या स्टेशनावर उतरून किल्ला शोधणाऱ्याची तर पुरती फजिती. स्टेशन ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयाजवळ, आणि सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या समुद्रात, तीसेक किलोमीटर पलीकडे. म्हणून मालवणला जाणारे बहुतेक कुडाळला उतरतात. पाटी नवख्यांसाठी असते. जाणत्याला स्टेशनाचं नाव लागत नाही, पुढची एसटी कुठून सुटते ते लागतं.

रत्नागिरीच्या अलीकडे, उक्षी ते भोके या दोन स्टेशनांमध्ये करबुड्याचा बोगदा आहे. लांबी साडेसहा किलोमीटर. काश्मीरमधला पीर पंजालचा बोगदा २०१३ मध्ये सुरू होईपर्यंत भारतीय रेल्वेवर याहून लांब बोगदा नव्हता. रत्नागिरी सोडल्यावर लगेच पानवल नदीवरचा पूल, ६४ मीटर उंचीचा. पनवेल आणि पानवल या दोन नावांचा घोळ घालून समाजमाध्यमांवर या पुलाचे फोटो पनवेलच्या नावाने फिरत असतात. पुलावर गाडी आली की डब्यातला आवाजच बदलतो. खिडकीशी बसलेली मुलं खाली बघतात आणि मोठी माणसं मुलांना आत ओढतात.

पावसाळ्यात या भागातला आणखी एक शब्द कळतो: 'पावसाळी वेळापत्रक'. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गाड्यांचा वेग कमी केला जातो, रात्रंदिवस गस्तीवाले रुळांवरून चालत असतात. कारण लाल माती आणि सैल झालेला जांभा. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीचे दगड रुळावर आले आणि कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची विशेष गाडी त्यांवर आदळली. पन्नासच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर कड्यांना जाळ्या बसवल्या, उतार कापून पायऱ्यापायऱ्यांचे केले, पावसातला वेग उतरवला. चाकरमान्यांना हे वेळापत्रक कुरकुरत का होईना मान्य असतं. त्यांची खरी कसोटी गणपतीत लागते, जेव्हा मुंबईतून निघणारी प्रत्येक गाडी दाराच्या दांडीपर्यंत भरलेली असते.

कणकवलीच्या पुढे डब्यातली भाषा बदलते. मराठी ओसरत जाते, मालवणी वर येते. 'खंय उतरतलास?' हा प्रश्न इथे अनोळखी माणसालाही विचारता येतो, आणि 'कुडाळाक' एवढं उत्तर पुरत नाही. गाव कुठचं, वाडी कुठची, घराणं कुठचं इथवर चौकशी जाते. मग 'ता आमच्या आत्येचा गाव' असं काहीतरी निघतंच. याच मार्गावर दादरहून सावंतवाडीपर्यंत धावणाऱ्या राज्यराणी एक्सप्रेसचं नाव २०१७ मध्ये 'तुतारी' झालं, मालगुंडच्या केशवसुतांच्या कवितेवरून. कवितेचं नाव अंगावर घेऊन धावणाऱ्या गाड्या देशात फार नसतील.

सावंतवाडी रोडला दिवा पॅसेंजर संपते. स्टेशन मळगावात, सावंतवाडी शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर. 'रोड' इथे आपला जुना अर्थ चोख पाळतो. सावंतवाडीकरांना त्या शब्दाची तक्रार नाही. त्यांना हवा आहे दुसरा शब्द: टर्मिनस. २०१५ मध्ये त्याचं भूमिपूजनही झालं. वेड्यासारखा हट्ट वाटावा अशी ही मागणी नाही. स्टेशनाला टर्मिनस म्हटलं की गाड्या तिथून सुटायला हव्यात. गाड्या सुटायच्या तर पाणी भरण्याची सोय, देखभालीची लाइन, जास्त फलाट हवेत. आणि गाडी रिकामी लागली तर गोव्याहून भरून येणाऱ्या डब्यांत शिरण्यासाठी सिंधुदुर्गातल्या माणसाला धक्के खावे लागणार नाहीत. मागणीला मधु दंडवते यांचं नाव जोडलेलं आहे. आंदोलनं होतात, निवेदनं दिली जातात, २६ जानेवारीला उपोषणाच्या बातम्या येतात. मुंबईच्या दगडी इमारतीवर जो शब्द कुणाच्या लक्षातही येत नाही, त्याच्यासाठी इथे फलाटावर बॅनर लागतात.

पुढे दुसरी गाडी धरून मडुरे ओलांडलं की गोवा. पाट्यांवरचं रोमन स्पेलिंग आणि कानावर पडणारा उच्चार यांची इथे फारकत होते. गावाला लोक म्हणतात पेडणे, रोमन लिपीत वाचावं तर परनेम. थिवीच्या शेवटीही एक 'म' लटकतो. हे पोर्तुगीज लिहिण्याच्या पद्धतीचं देणं आहे. शब्दाअखेरचा 'म' तिथे नाकातल्या स्वरासाठी असतो, ओठ मिटण्यासाठी नाही. मुंबईहून आलेला पर्यटक तो म आवर्जून उच्चारतो आणि रिक्षावाला काही न बोलता त्याला ओळखतो. करमळी मात्र रेल्वेने कोकणी उच्चाराप्रमाणे लिहिलं. जुन्या गोव्याच्या चर्चेसना आणि पणजीला जाणारे तिथे उतरतात, कारण राजधानी पणजीला रेल्वे स्टेशनच नाही. मार्ग आखला जात असताना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गोव्यात त्याला कडाडून विरोध झाला होता. खाजण जमिनी आणि जुन्या गोव्याचा परिसर यांच्याजवळून लाइन जाऊ नये, असं आंदोलकांचं म्हणणं होतं. लाइन गेली. स्टेशनाशेजारच्या तळ्यावर हिवाळ्यात पाखरं उतरतात ती अजून उतरतात.

मडगावला पुन्हा 'जंक्शन' भेटतं. रोह्यापासून इथपर्यंत चारशे किलोमीटरहून जास्त अंतरात तो शब्द पाट्यांवर जवळजवळ दिसतच नाही. घाट चढून कराडला किंवा कोल्हापूरला जाणाऱ्या लाइनी अजून कागदावरच आहेत, त्यामुळे कोकणातून देशावर जायचं तर एसटीला पर्याय नाही. मडगावला मिळणारी दुसरी लाइन मात्र कोकण रेल्वेपेक्षा एका शतकाने जुनी. मुरगाव बंदरापासून सह्याद्री चढून कॅसल रॉकपर्यंत जाणारा हा मार्ग १८८८ मध्ये पूर्ण झाला. पोर्तुगीज हद्दीतली ही रेल्वे इंग्रज भांडवलावर उभी राहिली आणि कॅसल रॉकला इंग्रज हद्दीचं जकात नाकं होतं.

आज ती लाइन दक्षिण पश्चिम रेल्वेकडे आहे आणि तिच्यावर वाद पेटला आहे तो 'दुहेरीकरणा'चा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात याच शब्दासाठी खासदारांकडे शिष्टमंडळं जातात. गोव्यात चांदरच्या लोकांनी नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच्या विरोधात रात्रभर रुळांवर ठाण मांडलं. दुसरी लाइन प्रवाशांसाठी नाही, मुरगावहून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणाऱ्या कोळशासाठी आहे, असं त्यांचं म्हणणं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिनईघाट–कॅसल रॉक–कुळे या जंगलातल्या टप्प्याला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. मडगावच्या फलाटावर उभं राहिलं तर उत्तरेकडून एकेरी लाइनीवर क्रॉसिंगा खात आलेली गाडी आणि वास्कोच्या बाजूने कोळसा भरून निघालेली मालगाडी एकाच वेळी दिसू शकते. कोकणातल्या माणसाला पहिली लवकर यावी म्हणून दुसरी लाइन हवी आहे, आणि चांदरच्या माणसाला दुसरी वाढू नये म्हणून नको आहे.